एकाच घंटेचा लाड

मालकांचा जावई कंपनीत आला तो थेट मुख्य प्रोग्रामर म्हणून. काम म्हणाल तर उंटावरून शेळ्या हाकणं, तेही शेळ्या कुणीकडे आहेत हे न बघता.

कंपनीने एका रुग्णालयासाठी खाटेशेजारच्या घंटांचं सॉफ्टवेअर केलं होतं. घंटेचा एक क्लास, म्हणजे साचा. त्यातून खाटेगणिक एक ऑब्जेक्ट, म्हणजे त्या खाटेची घंटा. घंटा दाबली की नर्सला निरोप जाई. मालक पायाच्या ऑपरेशनसाठी तिथेच स्पेशल रूममध्ये दाखल झाले आणि जावयाच्या भक्तीला पूर आला. नर्स लगेच आली नाही, तर सासऱ्यांची घंटा डॉक्टरच्या फोनवर वाजली पाहिजे.

आधी त्याने त्यासाठीची मेथड, म्हणजे ते काम करणारा कोडचा तुकडा, क्लासवरच लिहिली. झालं काय, तर साच्याला ती ठाऊक, पण एकाही घंटेला तिचा पत्ता नाही. मग त्याने ती सासऱ्यांच्या एकट्या ऑब्जेक्टला चिकटवली आणि अर्ध्या हळकुंडाने पिवळा होऊन ऑफिसभर दाखवत फिरला.

त्याचा कोड तपासायचं काम त्याच्या हाताखालच्या एका प्रोग्रामर मुलीचं. तिची आई त्याच रुग्णालयात जनरल वॉर्डात होती, दम्याने बेजार. त्यामुळे या घंटांमध्ये तिचा जीव अडकला होता.

"सर, प्रोग्राम रिस्टार्ट झाला की ऑब्जेक्ट साच्यातून नव्याने बनतं. हे चिकटवलेलं उडून जाईल. साच्यावर नव्हे, साच्याच्या आत लिहा, मग प्रत्येक घंटेला मिळेल."

"सगळ्यांना दिलं तर बाबांचं खास काय राहिलं?"

दोन दिवसांत सर्व्हर रिस्टार्ट झाला. मालकांनी घंटा दाबली आणि चारचौघांसारखे वाट बघत पडून राहिले. जावयाचा तिला फोन आला. "परत लावून दे. फक्त बाबांच्या घंटेला. आणि चूक तुझी होती असं मी सांगितलंय."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. असल्या माणसाशी वाद कोण घालणार? तिने मेथड साच्याच्या आत लिहिली आणि चालू करून टाकली.

दुसऱ्या दिवशी जावई तणतणत तिच्या टेबलाशी आला.

"बाबांना उशी सरकवून हवी होती. डॉक्टर आलाच नाही. म्हणे जनरल वॉर्डात सात नंबरच्या खाटेकडे पळाला. कोण एवढं मोठं लागून गेलंय तिथे?"

"माझी आई," ती ताडकन उभी राहिली. "काय झालंय तिला?"

ते विचारायचं त्याला सुचलंच नव्हतं.