हिमसंतांच्या आधी बाहेर आलेली लिंबोणी

मुळाला अंधारात पाणी पाजणाऱ्या आणि फळाला उजेडात सोनेरी रंग देणाऱ्या विश्वाच्या माळ्याला प्रथम वंदन.

मी एक लिंबोणी बोलते आहे. इटलीतल्या तोरिनोजवळच्या जुन्या राजवाड्याच्या बागेत, कारंज्यापाशी माझी कुंडी असते. राजे गेले, राण्या गेल्या. आता रविवारी लोक येतात, संगमरवरी मूर्तींच्या नाकांना हात लावतात आणि ‘हात लावू नये’ ही पाटी मागाहून वाचतात. मला राग येत नाही. वैभव एकाचे होते, सावली सर्वांची झाली.

हिवाळा मी उंच खिडक्यांच्या लिंबूघरात काढते. मे महिन्यात तीन ख्रिस्ती संतांचे, म्हणजे हिमसंतांचे, दिवस येतात आणि थंडी आपला शेवटचा फटका देऊन जाते. तोपर्यंत एकही कुंडी बाहेर काढायची नाही, हा येथल्या माळ्यांचा नेम.

माळी एव्हासियोने तो एकदाच मोडला, आपल्या थोरल्या बहिणीसाठी. या ओर्सोलाच्या जन्माच्या वर्षी त्यांच्या वडिलांनी माझे कलम बांधले होते. ती कायमची अर्जेंटिनाला, मुलाकडे निघाली होती. जाण्याआधी मला कारंज्यापाशी पाहावे, एवढीच तिची इच्छा.

मला गाड्यावर पाहून ती म्हणाली, “वेडा आहेस का? संत अजून वाटेत आहेत.”

“त्यांना कुठे विमान गाठायचंय, ताई? तुला गाठायचंय.”

“बाबा असते तर तुझा कान पिरगाळला असता.”

“तू आहेस की. पिरगाळ.”

तिने खरेच पिरगाळला. मग माझ्या खोडाला हात लावून ती बराच वेळ बसली.

दुपारी आल्प्सकडून वारा फिरला आणि हिमकण पडू लागले. गाडा ओढणारी माणसे जेवायला घरी गेली होती. एव्हासियो एकटाच दांडी धरून रेटू लागला, चाक हलेना. माझी कोवळी पाने काळवंडू लागली.

प्रवासासाठी घेतलेला नवा लोकरी कोट ओर्सोलाने काढून माझ्यावर टाकला.

“ताई, तिकडे ऋतू उलटे, आता थंडी सुरू होतेय. काय घालशील?”

“तिकडे मुलगा आहे. हिला इथे कोण आहे? ढकल.”

गवतावर जेवायला बसलेले एक कुटुंब उठून आले. त्यांनी आपली चादर माझ्यावर पांघरली. त्यातला बाप म्हणाला, “कुठे न्यायचंय तेवढं सांगा. मूर्तीला हात लावला म्हणून मघाशी ओरडलात, आता झाडाला लावू ना?”

“लावा, लावा,” एव्हासियो ओशाळून म्हणाला.

सर्वांनी मला आत नेले. माझा शेंडा गेला, जीव राहिला. ओर्सोला कोट घेऊन गेली; माझ्या काट्याला अडकून तुटलेले त्याचे एक बटण मात्र कुंडीत पडले. एव्हासियो दरवर्षी माती बदलतो आणि ते पुन्हा मुळाशी ठेवतो.

आता हिमसंत गेल्यावरच मी बाहेर येते आणि तृप्त उभी असते. ऐकणाऱ्यांनो, तुमच्या घरातले कोणी दूर गेले असेल, तर त्याला तिकडे ऊब मिळो. मागे राहिलेल्यांची मुळे ओली राहोत. आणि प्रत्येक दारी एक तरी झाड फळो.