खांबाखालचा आवाज

मी एक जुना व्हिडिओ कॅमेरा आहे, मित्रांनो, आणि माझं डोकं फिरलेलं आहे. आपली कहाणी सांगणाऱ्या वस्तू बहुतेक गरीब स्वभावाच्या असतात. फाटकी छत्री रडते, मोडकी खुर्ची उसासे टाकते, आणि शेवटी दोघी सगळ्यांना माफ करून मोकळ्या होतात. मला रडायचं नाही. मला भांडायचं आहे.

माझा जन्म जपानमधल्या एका कारखान्यात झाला. तिथे मला एकच गोष्ट शिकवली: समोर असेल ते टिपायचं, पदरचं काही घालायचं नाही आणि काही गाळायचंही नाही. मग मी दुकानाच्या काचेआड दोन वर्षं धूळ खात पडलो. तिथून मला नुसरेतनं उचललं. नुसरेत तरुणपणी बोस्निया सोडून आलेला. अमेरिकेत, सेंट लुईस शहराच्या दक्षिण भागात राहतो, मालट्रक चालवतो आणि शेजारी बसलेल्या माणसाशीही नदीपलीकडे असल्यासारखा बोलतो. त्याची बायको फेरिदा दवाखान्याच्या धुलाईखान्यात काम करते. त्यांची एकुलती एक मुलगी अल्दीना.

अल्दीनाला कॉलेजच्या फुटबॉल संघात जागा मिळवून द्यायची, एवढ्याच कामासाठी मला आणलं होतं. फुटबॉल म्हणजे पायानं खेळायचा तो. इथले लोक त्याला सॉकर म्हणतात, आणि नुसरेतसमोर कोणी तसं म्हटलं की तो त्याला दहा मिनिटं सोडत नाही. इथे कॉलेजच्या संघात जागा मिळाली की प्रवेशाचं काम सोपं होतं, फीचा भार उतरतो. अल्दीनाला परिचारिका व्हायचं होतं, आणि या घराला तिथे पोहोचायचा दुसरा रस्ता दिसत नव्हता. त्यासाठी मुली शाळेत असतानाच कॉलेजच्या प्रशिक्षकांना पत्रं लिहितात आणि सोबत माझ्यासारख्यानं टिपलेला खेळ पाठवतात. प्रशिक्षकांना मात्र दहावीनंतरच्या जूनच्या पंधरा तारखेपर्यंत उत्तरादाखल एक शब्द बोलायची मुभा नाही.

ती पंधरा तारीख मला चांगली आठवते. नुसरेतनं त्या दिवशी सुट्टी घेतली होती. फेरिदानं पिता, म्हणजे त्यांच्याकडची पालक भरलेली खुसखुशीत पोळी, भाजली होती. टेबलाच्या मधोमध फोन, आणि भोवती तिघं देव बसवल्यासारखे बसलेले. फोन दिवसभरात एकदा वाजला. दाताच्या डॉक्टरचा होता.

ईमेलवर पत्रं मात्र आली. ‘प्रिय अल्दीना, तुझ्या खेळावर आमची नजर आहे, आमच्या शिबिराला अवश्य ये.’ नुसरेतनं ती छापून फ्रिजवर चिकटवली.

“नुसरेत, हेच पत्र शेजारच्या यास्मिनाच्या मुलीलाही आलंय,” फेरिदा म्हणाली. “शब्द न् शब्द तोच.”

“असेल. ह्याच्यावर नाव अल्दीनाचं आहे.”

“त्याच्यावर तिचं आहे. ती पोरगी गोलकीपर आहे, आणि पत्रात लिहिलंय, तू मारलेले गोल आम्हाला फार आवडले.”

अल्दीना खो खो हसली. नुसरेत हसला नाही. पत्रं फ्रिजवरच राहिली.

आता माझ्या कामाचं सांगतो. नुसरेतनं मला चार मीटर उंच खांबावर बसवलं होतं. तिथून बावीसच्या बावीस खेळाडू दिसतात. इतर आईबाप यायचे, फोनवर माझं चित्र बघायचे, म्हणायचे, वरून काय छान कळतं हो सगळं. मी फुगून जायचो. अल्दीना चौदा नंबरची, डावी बचावपटू. तिनं कधी गोल केला नाही, पण समोरची पोरगी चेंडू घेऊन निघाली की ही तिला हळूच कडेला नेऊन सोडायची, आणि चेंडू कधी गेला ते त्या पोरीला नंतर कळायचं. हे सगळं मी डोळाभर पाहिलं आहे.

आणि कानभर ऐकलंही आहे. कारण खांबाखाली नुसरेत उभा असायचा. “चढ! चढ पुढे! झोपलीस काय? अगं, पास कोणाला दिलास, तिच्या आजीला?” पंच आंधळा, प्रशिक्षक बिनडोक, संघातल्या बाकी पोरी कुचकामी. नव्वद मिनिटं पट्टा सुरू. सामन्यात मध्यंतरानंतर बाजू बदलतात. अल्दीना एका अर्ध्यात आमच्या कडेला असायची, बापाच्या तोंडासमोर, आणि दुसऱ्या अर्ध्यात मैदानापलीकडे. आमच्या कडेला ती अडखळायची आणि पलीकडे गेली की वाऱ्यासारखी खेळायची. एवढी साधी गोष्ट मला यंत्राला दिसत होती. बापाला दिसत नव्हती, कारण बाप ओरडण्यात गुंतला होता.

नुसरेत माझ्या नव्वद मिनिटांतून चार मिनिटं कापायचा. अल्दीनाभोवती लाल गोल काढायचा, वर धडाडधूम गाणं चढवायचा. गाण्याखाली त्याचा आवाज दबून जायचा. घरीही तो माझं चित्रण आवाज बंद करूनच बघायचा. म्हणायचा, खेळ बघायचा असतो, ऐकायचा नसतो.

अकरावीच्या ऑक्टोबरात आयोवातल्या एका कॉलेजच्या प्रशिक्षक मिसेस ऑस्ट्रँडर यांचं पत्र आलं. हे शिबिराचं पत्र नव्हतं. ‘चार मिनिटं आवडली. आता एक अख्खा सामना पाठव, काहीही न कापता.’ नुसरेत नाचला. त्यानं अल्दीनाचा सगळ्यात चांगला सामना निवडला आणि होता तसा पाठवून दिला. आवाजासकट. वर गाणं नव्हतं.

तीन आठवडे काही नाही. मग एका दुपारी फोन वाजला. मी स्वयंपाकघरातल्या फळीवर चार्जिंगला होतो. नुसरेतनं खूण केली, स्पीकर लाव.

“अल्दीना, कोच ऑस्ट्रँडर बोलतेय. तुझा सामना दोनदा पाहिला मी. दुसऱ्या हाफमध्ये जी मुलगी खेळली ना, तशी डावी बचावपटू मी तीन वर्षं शोधतेय.”

नुसरेतनं टेबलावर मूठ आपटली. कॉफी सांडली.

“पण पहिल्या हाफमध्ये ती कुठे होती गं? चेंडू एकीकडे आणि तू बघतेस कॅमेऱ्याकडे. एकवीस वेळा. मोजलं मी. त्या कॅमेऱ्याखाली एक माणूस ओरडतोय, तो कोण आहे?”

अल्दीनानं बापाकडे पाहिलं. बाप सांडलेल्या कॉफीकडे बघत होता.

“माझा बाबो आहे,” ती म्हणाली. “म्हणजे वडील.”

“बरं.” प्रशिक्षकबाई म्हणाल्या. “हे बघ, माझ्याकडे एकच जागा होती. काल ती मी दुसऱ्या मुलीला दिली. पत्रानंही कळवता आलं असतं. पण मग तू आपल्याच पायांना दोष देत बसली असतीस. तुझे पाय चांगले आहेत, अल्दीना.”

फोन बंद झाला. मला वाटलं, आता हा माणूस मान खाली घालेल. त्यानं बोट उचललं, आणि कोणाकडे? माझ्याकडे!

“ह्या डबड्यानं घात केला! एवढंसं बटण असतं आवाजाचं. आधीच बंद केलं असतं तर आज जागा आपली होती. पुढच्या वेळी आवाज काढूनच पाठवू.”

“व्हिडिओतून काढशील, बाबो,” अल्दीना म्हणाली. “मैदानातून कोण काढणार?”

तो तरातरा उठला आणि त्यानं मला गॅरेजमध्ये, बर्फात गाडीला लावायच्या जादा टायरांमागे टाकलं. मित्रांनो, गुन्हा माझा! मी खोटं बोललो नाही, हा माझा गुन्हा. पाच आठवडे मी तिथे पडून होतो. भिंगावर तेलकट थर चढला, बॅटरी उतरली. आणि दर शनिवारी सामना खेळून घरी आलेली अल्दीना जिन्यावर पाय आपटत वर जायची ते ऐकू यायचं. खांब नव्हता, मी नव्हतो, तोंड मात्र सुरूच होतं.

सहाव्या आठवड्यात तिनंच मला बाहेर काढलं. टेनेसीच्या एका कॉलेजनं अख्खा सामना मागितला होता. तिनं मला पुसलं, टीव्हीला जोडलं आणि तोच जुना सामना लावला. पूर्वार्ध, पूर्ण आवाजात.

“बस, बाबो. पंचेचाळीस मिनिटं.”

सातव्या मिनिटाला तो उठायला लागला. “मला ट्रकचं तेल बघायचंय.”

“बस म्हणाली ना ती,” फेरिदा म्हणाली. ती दारातच उभी होती.

तो बसला. टीव्हीतला नुसरेत घसा फोडत होता आणि खुर्चीतला नुसरेत बारीक होत होता. तेहतिसाव्या मिनिटाला टीव्हीतला गरजला, “त्या सहा नंबरला घरी पाठवा! तिच्यामुळे माझ्या पोरीचं वाटोळं होतंय!” आणि लगेच बाईचा एक हलका आवाज आला. सहा नंबरची आई त्याच्यापासून दोन पावलांवर उभी होती. “ती पण लहानच आहे रे, नुसरेत.”

त्या दिवशी त्याला तो आवाज ऐकू आला नव्हता. मला आला होता.

पंचेचाळीस मिनिटं संपली. त्यानं विचारलं, “मी एवढा ओरडतो?”

“नाही,” अल्दीना म्हणाली. “ह्यात कमी ऐकू येतं. कॅमेरा चार मीटर वर असतो. मी खाली असते.”

पुढच्या शनिवारी खांब फेरिदानं धरला. नुसरेत वाहनतळावर काचा वर करून गाडीत बसला. तुम्हाला वाटेल, मला त्याची दया आली असेल. नाही आली. मला राग एवढ्याच गोष्टीचा आहे की हे दोन वर्षांपूर्वी करता आलं असतं. त्या सामन्यात अल्दीना आमच्या कडेला खेळली, बापाविना, आणि मी पलीकडची अल्दीना पहिल्यांदा जवळून टिपली. ते नव्वद मिनिटांचं चित्रण टेनेसीला गेलं आहे. उत्तर अजून आलेलं नाही. येईलच असं नाही, कारण तिच्या वर्षाच्या जागा भराभर भरत चालल्या आहेत आणि आयोवाची जागा परत येणार नाही.

माझं भिंग पुसा किंवा पुसू नका, मित्रांनो. पण तुमच्यापैकी कोणी खेळत असेल, आणि कडेला तुमचं कोणी ओरडत असेल, तर त्याला एकदा खुर्चीत बसवा आणि त्याचाच आवाज त्याला ऐकवा. सगळा ऐकवा. मध्येच उठू देऊ नका.