दहा तारांखालचा रंग

दादाचा धाकटा भाऊ जाऊन महिना झाला, तेव्हा भावजयीने त्याचं वाद्य दादाच्या कारखान्यात आणून दिलं. ॲल्युमिनियमची लांब पट्टी आणि तिच्यावर दहा तारा. छेडायच्या नाहीत, दोन्ही हातांच्या बोटांनी ठोकून वाजवायच्या. "एक तार तुटलीय, तेवढी बसवून द्या," ती म्हणाली.

पण दादा पडला वाद्यांना रंग चढवणारा. तारांखालचा काळा रंग जागोजागी उडून धातू उघडा पडलेला पाहून त्याचा जीव कळवळला. भावाची वस्तू, आणि अशी कळाहीन जायची? चार दिवस खपून त्याने पट्टी घासली, नवा रंग चढवला. डाग औषधालासुद्धा ठेवला नाही.

भावजयीने वाद्य मांडीवर घेतलं. तारांखाली बोट फिरवत ती काहीतरी शोधत राहिली.

"इथं त्यांची बोटं होती, दादा. मी रोज त्या जागांवर माझी ठेवायचे."

दादाने वाद्य तिच्या मांडीवरून उचलून उजेडात धरलं.

"ज्या फडक्यानं घासलंत, ते तरी आहे का?"

फडकं त्याने कालच जाळलं होतं, आणि हात सकाळीच साबणाने खसाखसा धुतले होते.