छप्पन्न खण आणि एक पक्की जागा

मित्रांनो, जरा जवळ या. पाटी बघून बिचकू नका. तिच्यावर 'हात लावू नये' असं लिहिलंय, 'ऐकू नये' असं नाही. मी एक जुनी लाकडी मांडणी आहे. एके काळी टपाल वर्गवारी कार्यालयाच्या मोठ्या दालनात माझ्यासारख्या अकरा जणी ओळीनं उभ्या होत्या. आता मी एकटीच उरले आहे. माझ्या सात रांगा, प्रत्येक रांगेत आठ खण, म्हणजे एकूण छप्पन्न. दार एकाही खणाला नाही, त्यामुळे माझ्या पोटात काही राहत नाही. शिवाय चौकशीची खोड जन्मजात आहे. हजारो पत्रं माझ्यात येऊन बसली, पण ती सगळी बंद. आत काय लिहिलंय हे कधीच कळलं नाही. मग मी पत्रांचा नाद सोडला आणि पत्रं टाकणाऱ्या माणसांकडे लक्ष द्यायला लागले. ती बंद नसतात. थोडा वेळ गप्प उभं राहिलं की आपोआप बोलतात.

मला एका सुतारानं घडवलं. त्यानं माप पट्टीनं घेतलं नाही. एका वर्गवारी कामगाराला भिंतीसमोर उभं केलं, हात पसरायला सांगितले, आणि बोटं जिथवर पोचली तिथे खडूनं खुणा केल्या. डाव्या हातात पत्रांचा गठ्ठा धरायचा आणि उजव्या हातानं एकेक पत्र खणात टाकायचं, ही कामाची पद्धत. म्हणून ज्या गावांची पत्रं जास्त त्यांचे खण छातीच्या उंचीवर उजवीकडे ठेवले, आणि ज्या गावांना वर्षाकाठी चार पत्रं जायची ती बिचारी वर टोकाला किंवा खाली पायांशी गेली. प्रत्येक खणाखाली पितळी पट्टी, पट्टीवर गावाचं नाव. त्या पट्ट्यांचा मला केवढा तोरा होता म्हणून सांगू.

तेव्हा आमच्या दालनात चाळीस माणसं काम करायची आणि चाळिसांचीही नोकरी पक्की होती. पक्की नोकरी म्हणजे काय हे मला बरेच दिवस कळत नव्हतं. मला वाटायचं, माझ्या जोडांसारखं काहीतरी खिळ्यांनी ठोकून पक्कं करत असतील. खरा अर्थ मला नकाशाकाकांच्या बोलण्यातून कळला. नकाशाकाका आमचे सगळ्यात जुने कामगार. कुठलं खेडं कुठल्या टपालात जातं हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता यायचं, म्हणून हे नाव. ते म्हणायचे, "पगार काही डोळे दिपवणारा नाही. पण एक तारखेला येतो, दरवर्षी थोडा वाढतो, आजारी पडलो तर रजा आहे आणि म्हातारपणी पेन्शन आहे. वर्गवारीवाल्याला मुलगी द्यायला कुणी नाही म्हणत नाही."

पुढे पत्रं कमी व्हायला लागली. जो निवृत्त होई त्याची जागा भरली जाईना. चाळिसांचे पंचवीस झाले, पंचविसांचे बारा. मांडण्याही एकेक करून उचलून नेल्या. कुठे नेल्या ते मी खूप दिवस कान टवकारून ऐकलं, पण कुणी बोललं नाही.

त्याच काळात डावरी आली. परीक्षांच्या अर्जांचा ढीग पडला होता, म्हणून तीन महिन्यांसाठी रोजंदारीवर घेतली होती. डाव्या हाताची, म्हणून डावरी. तिला पहिल्यांदा बघून मला हसू आवरेना. माझी सगळी रचना उजव्या हातासाठी, आणि ही बाई गठ्ठा उजवीकडे धरून डाव्या हातानं पत्रं टाकत होती. पण तिसऱ्या महिन्यात तिचा वेग नकाशाकाकांच्या बरोबरीला आला आणि माझं हसू जिरलं. तीन महिन्यांसाठी आलेली ती अकरा वर्षं झाली तरी तिथेच होती.

एक गोष्ट मात्र मला कोड्यात टाकायची. दर तीन महिन्यांनी एक दिवस ती यायची नाही. बरोबर नव्वदावा दिवस. मला वाटायचं, आजारी असेल. पण असा मोजून मापून येणारा कुठला आजार? शेवटी एकदा नव्या आलेल्या हिशेबनिसानं नकाशाकाकांना हाच प्रश्न विचारला. काका म्हणाले, "सलग नव्वद दिवस भरले तर तिला कायम करा असं म्हणता येतं. म्हणून एकोणनव्वद झाले की एक दिवस घरी बसवायचं. दुसऱ्या दिवशी नवीन नेमणूक. अकरा वर्षांत ती चव्वेचाळीस वेळा नवीन नोकरीला लागली आहे." हिशेबनीस हसला, पण काका हसले नाहीत. मित्रांनो, मी लाकडाची असूनही मला ते लागलं.

तिला एकच त्रास होता. आमच्याकडचं निम्मं टपाल गिरणीच्या गावाला जायचं, आणि त्या गावाचा खण तिसऱ्या रांगेत अगदी उजव्या टोकाला. डावा हात दिवसभर छातीवरून आडवा नेऊन तिचा खांदा भरून यायचा. एक दिवस नकाशाकाकांनी खिशातून पेचकस काढला आणि गिरणीच्या गावाची पट्टी उजव्या टोकावरून डाव्या टोकाला बसवली. तिथे बंदराचं गाव होतं, ते उजवीकडे गेलं. "साहेबांना काय सांगायचं, काका?" डावरीनं विचारलं. काका म्हणाले, "साहेब कधी इकडे फिरकलेत? पत्र पोचल्याशी मतलब." साहेब खरंच फिरकले नाहीत. नऊ वर्षं ती अदलाबदल तशीच राहिली आणि एकही पत्र चुकलं नाही.

मग शेजारच्या दालनात यंत्र आलं. कानामागून आलं आणि तिखट झालं म्हणतात ना, तसं. तासाभरात हजारो पत्रं वाचून पुढे ढकलायचं. मला त्याचा राग यायला हवा होता, पण खरं सांगते, मला त्याची उत्सुकताच जास्त होती. त्याला कोणी विचारत असेल का की खांदा दुखतो का? यंत्राबरोबर एक कागदही आला. नकाशाकाका निवृत्त होणार होते आणि त्यांची जागा भरायची होती. एकच जागा, पण पक्की. यापुढे वर्गवारीची दुसरी जागा भरली जाणार नव्हती. वयाची अट चाळीस. डावरीला चाळीस पूर्ण व्हायला दोन महिने बाकी होते.

काकांनी कागद तिच्या हातात दिला तेव्हा तिनं तो दोनदा वाचला. घरी सासूबाईंच्या जोडीला तिची आईही होती, अंथरुणाला खिळलेली. आईला दवाखान्यात न्यायचं तर त्या दिवसाची हजेरी बुडायची, म्हणून तारखा पुढे पुढे जायच्या. ती म्हणाली, "मला दुसरं काही नको, काका. आईसाठी एक दिवस घरी बसता यावं आणि त्या दिवसाचा पगार कापला जाऊ नये. एवढंच हवंय."

परीक्षा जुन्याच पद्धतीची होती, आणि माझ्यावरच. दोनशे कार्डं, दहा मिनिटं, पाच चुका माफ. खण मात्र नियमातल्या तक्त्याप्रमाणे लावलेले हवेत, असा हुकूम आला. म्हणजे गिरणीचं गाव पुन्हा उजव्या टोकाला. डावरीनं घरी जमिनीवर खडूनं छप्पन्न चौकोन आखले आणि पंधरा दिवस जुन्या लग्नपत्रिका टाकून सराव केला. काकांना सांगताना तिला हसू येत होतं. "सासूबाई विचारतात, ताटं कुठल्या गावात मांडू?" परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी काकांनी स्वतः दोन्ही पट्ट्या जागच्या जागी बसवल्या. चारचारदा हलवून बघितल्या.

परीक्षक बाहेरून आले होते. शांत माणूस, हातात घड्याळ. त्यांनी "सुरू" म्हटलं आणि डावरीचा हात निघाला. तसा हात मी माझ्या उभ्या जन्मात पाहिला नाही. पहिली शंभर कार्डं एकही चूक न करता गेली. गिरणीचं गाव आलं की ती क्षणभर डोळ्यांनी पट्टी बघायची आणि हात उजवीकडे न्यायची. दीडशे झाली. तिच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला, श्वास मोकळा झाला. आणि तिथेच घात झाला. चांगल्या वर्गवारीवाल्याचा हात डोक्याला विचारत नाही, म्हणून तर तो चांगला. तिचं डोकं निवांत झालं आणि हात आपल्या नऊ वर्षांच्या वाटेनं गेला. गिरणीच्या गावाचं कार्ड डाव्या टोकाच्या खणात पडलं. मग दुसरं. मग तिसरं. मला प्रत्येक कार्ड आत पडताना कळत होतं. मी ते थुंकू शकत नव्हते, करकरू शकत नव्हते. असं असहाय मला कधी वाटलं नव्हतं.

आठ मिनिटांत दोनशे कार्डं संपली. परीक्षकांनी वेळ बघून भुवया उंचावल्या. मग ते एकेक खण तपासत गेले आणि डाव्या टोकाशी थांबले.

"सात चुका," ते म्हणाले. "सातही एकाच खणात."

नकाशाकाका पुढे झाले. "साहेब, तो खण नऊ वर्षं त्याच गावाचा होता. पट्टी मी काल बदलली. चूक तिची नाही, माझ्या पेचकसाची आहे."

परीक्षकांनी वाकून पट्टीचे पेच बघितले. "मला दिसतंय," ते म्हणाले. "असा वेग मी कुठे पाहिला नाही. पण माझ्या कागदावर चुकांचा आकडा लिहायचा आहे. चूक का झाली याला जागा नाही."

डावरीनं ती सात कार्डं काढली, उजव्या टोकाच्या खणात नेऊन टाकली आणि पदराला हात पुसले. तिच्या आधी आणखी एका उमेदवारानं परीक्षा दिली होती, तोही पास झाला नव्हता. जागा रिकामी राहिली आणि वर्षाअखेर रद्द झाली. तिचं चाळिसावं सरलं. काका निवृत्त झाले.

आता माझी गंमत ऐका. मला वाटलं, आता माझीही पाळी. पण एका पाहुण्या अधिकाऱ्याला मी आवडले. त्यांनी मला 'जुना ठेवा' ठरवलं. मला घासलं, पॉलिश केलं, इथे दर्शनी दालनात आणलं. नोंदवहीत माझा क्रमांक चढला आणि माझ्या देखभालीची कायमची व्यवस्था झाली. एवढंच नाही, मला सांभाळायला एक रखवालदारही नेमला. पगारी, रजा असलेला, पक्का. नाकापेक्षा मोती जड म्हणतात ते हेच. रखवालदार मुलगा चांगला आहे. पण मी कशासाठी होते हे त्याला माहीत नव्हतं. कुणी विचारलं की तो मागच्या दालनात जातो आणि डावरीला बोलावून आणतो. ती अजून तिथेच आहे. गिचमिड अक्षरातले जे पत्ते यंत्राला वाचता येत नाहीत ते ती वाचते. रोजंदारीवर. नव्वदावा दिवस अजून चुकत नाही.

गेल्या महिन्यात तुमच्यासारखीच एका शाळेची मुलं आली. डावरीनं मला वापरून दाखवलं. सगळे टाळ्या वाजवत होते. एक चष्मेवाली मुलगी मात्र टाळ्या वाजवायचं सोडून रखवालदाराला विचारत होती, "दादा, तुम्ही पक्के आहात?"

"हो."

"ही मांडणी?"

"तीही पक्की. वहीत नाव आहे तिचं."

"मग या काकू?"

रखवालदारानं आपलं स्टूल तिच्याकडे सरकवलं. मग त्यानं डावरीकडून ऐकलेलं सगळं तिला सांगितलं, पट्ट्यांचं, सात चुकांचं आणि वयाचं. वरच्या साहेबांनी मनावर घेतलं तर वयात सूट मिळते, रद्द झालेली जागाही परत काढता येते, तेही सांगितलं. मुलीनं त्याच्याच स्टुलावर बसून एक पोस्टकार्ड लिहिलं. लिहिताना एकेक शब्द पुटपुटायची सवय होती तिला, म्हणून जन्मात पहिल्यांदा मला एका पत्रातला मजकूर कळला. 'साहेब, ज्या काकूंनी मांडणी वापरली त्या मांडणीपेक्षा कमी पक्क्या का आहेत? कृपया कळवावे.'

मग ती उठली आणि कार्ड डावरीच्या हातात देऊन म्हणाली, "काकू, हे खरं टपाल आहे. टाका ना."

डावरीनं कार्ड घेतलं. उलटं केलं असतं तर मजकूर समोरच होता. पण तिनं पत्ता वाचला, फक्त पत्ता. दुसऱ्याचं पत्र ती वाचत नाही. मुख्य कार्यालयाचा खण वरून दुसऱ्या रांगेत आहे, तिथे तिनं ते डाव्या हातानं टाकलं आणि मुलीला म्हणाली, "अक्षर छान आहे गं तुझं. यंत्रालाही वाचता येईल." संध्याकाळच्या थैलीतून ते गेलं.

मित्रांनो, मला पॉलिश आवडतं, खोटं कशाला बोलू? तुम्ही मला जपता याचा आनंदच आहे. पण लाकडाला घाई नसते, ते थांबू शकतं. माणसाचं वय थांबत नाही. जुनी वस्तू दिसली की ती कुणाच्या हातानं चालत होती हे विचारा, आणि तो हात आज काय करतोय हेही विचारा. उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा.

त्या कार्डाचं उत्तर अजून आलेलं नाही. मी वाट बघते आहे. वरच्या साहेबांना माझी एकच विनंती आहे. उत्तर लिहाल तेव्हा पाकिटावर त्या मुलीचा पत्ता घालू नका. तुमचं अक्षर यंत्राला वाचता आलं नाही तर ते डावरीच्याच हातात पडेल आणि ती ते न वाचता पुढे टाकून देईल. त्यावर डावरीचं नाव घाला.