भुऱ्याची चानकी

भुऱ्याचा मागचा पाय कापल्यापासून त्यानं अन्नाला तोंड लावलं नव्हतं. पाणी तेवढं प्यायचा आणि उंबऱ्याशी पोत्यावर पडून राहायचा.

कुत्रं द्वारकाबाईचं. जवळा बाजारच्या आठवडी बाजारातून तिनं ते टोपलीत, मेथीच्या जुड्यांखाली झाकून आणलं होतं. तिच्या नवऱ्यानं, संतरामनं तेव्हा कुरकुर केली होती. मागच्या हिवाळ्यात द्वारकाबाई गेली आणि घरातली चूल विझली ती विझलीच. संतराम सकाळी फाट्यावरच्या हॉटेलात पोहे खायचा आणि संध्याकाळी धाकट्या भावाकडं, वैजनाथकडं जेवायचा. भुऱ्या गल्लीत दारोदार पोट भरायचा. रात्री मात्र दोघंही न चुकता त्याच घरी झोपायला यायचे.

मग सोयाबीनच्या ट्रॉलीचं चाक भुऱ्याच्या पायावरून गेलं. शेजारच्या फातिमाबीच्या साजीदनं त्याला आपल्या टेम्पोत, हळदीच्या पोत्यांवर निजवून वसमतला नेलं. संतराम शेजारी बसून रस्ताभर त्याचं डोकं धरून होता. तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या की हाडाचा चुरा झालाय, पाय ठेवला तर कुत्रं जाईल. ऑपरेशन होईपर्यंत संतराम बाहेर कडुलिंबाखाली उभाच राहिला. द्वारकाबाईच्या वेळी दवाखान्यात असाच उभा होता. त्या खेपेला आतून कुणी बरी बातमी आणली नव्हती.

टाके घातल्यावर बाईंनी सांगितलं, आता याला गल्लीत सोडून चालणार नाही. वसमतच्या एका रिटायर मास्तरांचं कुत्रं नुकतंच म्हातारपणानं गेलं होतं. ते दोघं नवरा-बायको भुऱ्याला घरात ठेवायला तयार होते. फक्त त्यानं आधी खायला लागलं पाहिजे, नाहीतर तो जगायचा नाही. संतराम लगेच हो म्हणाला. स्वतःच्याच जेवणाचा जिथं ठिकाणा नाही, तिथं कुत्र्याचं कोण बघणार? साजीद रविवारी त्याला घेऊन जाणार असं ठरलं.

पण भुऱ्या खाईना. दूध झालं, बिस्किटं झाली, फातिमाबीनं मटणाचा रस्सा पाठवला. त्यानं वास घेतला आणि हनुवटी परत पायावर टेकवली. संतरामला वाटलं, हा तिचीच वाट बघून राहिला. त्याला भुऱ्याचा थोडा हेवाही वाटला. कुत्र्याला असं उघड पडून राहता येतं. माणसाला चारचौघांत पोहे खावे लागतात.

शुक्रवारी दुपारी फातिमाबी रश्श्याचं भांडं न्यायला आली. ते तसंच भरलेलं होतं. ती बराच वेळ भुऱ्याकडं बघत राहिली.

"भाऊ, तुमी घरात कवा जेवले?"

"जेवतो की. वैजनाथकडं."

"तिथलं न्हाई इचारत. या घरात."

संतरामची नजर विझल्या चुलीकडं गेली.

मग फातिमाबीनं त्याला सांगितलं. भाकऱ्या झाल्या की द्वारका परातीला चिकटलेलं पीठ खरवडून शेवटची इवलीशी चानकी थापायची आणि उंबऱ्यावर ठेवायची. पण धन्याचं ताट उचलल्याबिगर तिला शिवायचं नाही, असं तिनं भुऱ्याला पिल्लू असल्यापासून शिकवलं होतं. संतरामला रानातून यायला उशीर झाला तर भुऱ्या चानकीसमोर लाळ गाळत बसायचा. गल्लीत काहीही खायचा, पण या उंबऱ्यावर नाही.

"मला कसं कधी दिसलं न्हाई?"

"दाराकडं पाठ करून जेवत व्हते तुमी. काय दिसंल?"

फातिमाबी भाकऱ्या करून देते म्हणाली. संतराम नको म्हणाला. डब्यातल्या पिठाला जाळी लागली होती, म्हणून ज्वारीचं पीठ तेवढं तिच्याकडून घेतलं. संध्याकाळी त्यानं चूल पेटवली. धुरानं डोळे भरले. पहिली भाकर तव्यावर टाकतानाच तुटली, दुसरी एकीकडं जाड आणि एकीकडं जळकी झाली. फातिमाबी भिंतीपलीकडून डोकावून म्हणाली, "हिंगोलीचा नकाशा काढला काय, भाऊ?" शेवटी त्यानं परात खरवडली, चानकी भाजली आणि उंबऱ्यावर ठेवली.

भुऱ्यानं मान वर केली. चानकीकडं पाहिलं, मग संतरामकडं पाहिलं. हलला नाही.

संतराम आपल्या जागेवर बसला, पण आज दाराकडं तोंड करून. ताटात भाकर, तिखट आणि तेल. पहिला घास तोंडातच फिरत राहिला. अर्धी झाली की द्वारकाबाई म्हणायची, आणखी चतकोर घ्या. आज कुणी म्हणालं नाही. त्याला ताट सारून उठावंसं वाटलं. समोर भुऱ्याच्या तोंडातून लाळेची तार लोंबत होती, तरी तो चानकीला शिवत नव्हता. संतराम पाण्याच्या घोटाबरोबर एकेक घास गिळत गेला. सगळी भाकर खाल्ली आणि ताट उचललं.

भुऱ्या तीन पायांवर उभा राहिला, खांद्यावर पडला, पुन्हा उठला. चानकी त्यानं दोन घासांत संपवली आणि उंबराही चाटून काढला.

संतराम भिंतीजवळ गेला आणि फातिमाबीला हाक मारली. साजीदला सांगा, म्हणाला, रविवारी टेम्पोत जागा ठेवू नको. मास्तरांना काय माहीत, याच्या आधी आपल्याला जेवावं लागतं.

परत आला तर भुऱ्या आत चुलीकडं बघत बसला होता. भुऱ्याचं खाऊन झालं की द्वारकाबाई आतून त्याला विचारायची, ते आता संतरामला आठवलं.

"झालं का रं बाबा?" त्यानं विचारलं.

भुऱ्यानं एकदा शेपटी हलवली. पण मान वळवली नाही. संतरामही त्याच्या शेजारी उंबऱ्यावर बसला आणि चुलीकडं बघत राहिला. चुलीत अजून थोडा जाळ होता.