एका सूर्याइतकी जागा

कार्ड तळहाताएवढं होतं आणि त्याचा उजवा कोपरा तेल लागून आरपार दिसायला लागला होता. चंदनानं ते डब्याच्या झाकणाखालून काढलं, नऊ नोव्हेंबरच्या ओळीवर नख ठेवलं आणि पुन्हा एकदा वाचलं. सूर्यास्त, पाच अठ्ठावन्न. दर दिवाळीला जयसिंगपूरच्या जैन मंदिरातून असं कार्ड घरी यायचं. ते स्वयंपाकघराच्या दारामागे अडकवलेलं असे, आणि त्यावरच्या मिनिटाच्या आत घरातली सगळी ताटं उचललेली असत. प्रवासाला निघताना आईनं ते खिळ्यावरून काढून डब्यात घातलं होतं.

"पाचला समुद्रावर असतोय आपण," शेजारी बसलेली संघप्रिया म्हणाली. "तिथंच वाळूत बसून जेवू की सगळ्या. ठेव ते कार्ड."

चंदनानं ते परत ठेवलं. डब्याच्या खाली, पिशवीच्या तळाशी, चार घड्या घातलेला फॉर्म होता. त्याला बोट लागलं तसं तिनं पिशवीची चेन ओढून घेतली.

जीप बांबवड्याच्या फाट्यावर उभी होती. संघप्रियाचा मोठा भाऊ संघर्ष ती कोल्हापूर ते मलकापूर माणसं भरून वडापला चालवायचा. या तिघींनी, म्हणजे चंदना, संघप्रिया आणि आदितीनं, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाच्या दिवाळी सुट्टीत समुद्र बघायचा बेत केला तेव्हा गाडी ठरवणं कुणालाच परवडणारं नव्हतं. संघर्षनं तोड काढली होती. गाडी माझी, राहायला रत्नागिरीत आत्याचं घर. पण वाटेत माणसं भरणार, डिझेल सुटलं पाहिजे. त्यामुळं सहल म्हणून निघालेली जीप प्रत्येक फाट्यावर थांबत होती. आतापर्यंत दोन शिक्षक, एक नवरा-बायको आणि पिंजऱ्यातला एक कोंबडा एवढे त्यांच्या सहलीला येऊन उतरून गेले होते.

"पावणं, जरा सरकून घ्या की," संघर्ष मागं वळून ओरडला. आदिती खिडकीला चिकटली. मोकळ्या झालेल्या चार बोटं जागेत एक म्हातारी येऊन बसली आणि भाताचं बोचकं तिनं चंदनाच्या पायावर ठेवलं. नाव बाळाबाई, गाव शाहूवाडीच्या पलीकडचं, लेकीकडं सुगीला गेली होती, हे सगळं जीप दुसऱ्या गिअरमध्ये जाईपर्यंत सगळ्यांना कळलं. पोरी कुणाच्या लग्नाला निघाल्यात हेही तिनं विचारलं. समुद्र बघायला, असं ऐकल्यावर तिनं तिघींकडं आळीपाळीनं पाहिलं.

"आन् बघून काय करायचं?"

"बघून परत यायचं," आदिती म्हणाली.

बाळाबाईला ते पटलं नाही, पण ती हसली. मग कोण काय शिकतं याची चौकशी झाली. चंदनाची पाळी आली तेव्हा संघप्रियानं थट्टेनं सांगून टाकलं, "ही डाक्टर व्हणार हाय."

बाळाबाईनं लगेच लुगडं घोट्यावरून वर सरकवलं. गुडघा सुजला होता. "बघ गं बाई. बसलं की उठवत न्हाय."

चंदनानं गुडघ्याकडे पाहिलं, मग संघप्रियाकडे. संघप्रियाचा चेहरा उतरला. थट्टा कुठं लागली ते तिला समजलं होतं. नाही, मी फिजिक्स शिकते, एवढंच म्हणायचं होतं. पण चंदनानं हात गुडघ्यावर ठेवला. कातडी गरम होती. ती म्हणाली की मलकापूरच्या सरकारी दवाखान्यात दाखवा, बोचकी उचलू नका. बाळाबाईनं मान डोलावली, आणि शाहूवाडीच्या पुढं उतरताना स्वतःच बोचकं डोक्यावर घेतलं.

"हात हलका हाय तुजा," ती खालून म्हणाली. "हुशील."

जीप निघाली. चंदनानं हात ओढणीला पुसला, आणि पुसल्याची तिलाच लाज वाटली.

बारावीनंतर तिचं मेडिकल दोनदा हुकलं होतं. पहिल्यांदा सात मार्कांनी, दुसऱ्यांदा चार. तिच्या वडिलांचं, अण्णांचं, जयसिंगपुरात औषधांचं दुकान होतं. शेजारचा गाळा त्यांनी लेकीच्या दवाखान्यासाठी म्हणून तीन वर्षं रिकामा ठेवला होता. दर रविवारी ते स्वतः तो झाडून घेत. आता कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका क्लासनं मेडिकलच्या परीक्षेसाठी दिवाळीनंतर खास बॅच काढली होती. कॉलेज सोडायचं आणि मेपर्यंत फक्त तेच करायचं. फॉर्मवर अण्णांची सही झाली होती, तिची राहिली होती. सोमवारी फॉर्म द्यायचा होता. सात, मग चार, अण्णा बोटांवर दाखवत म्हणाले होते, अंतर कमी होतंय, या खेपेला पार. दोन बिंदूंमधून सरळ रेषा नेहमीच काढता येते, हे तिला माहीत होतं. तिसरा बिंदू त्या रेषेवर पडेलच असं नसतं. हे ती त्यांना सांगू शकली नव्हती. ते समोर असले की ती हो म्हणे, आणि हॉस्टेलला येऊन प्रॅक्टिकलची वही काढून बसे.

आंब्याचा घाट उतरून साखरप्याला पोचायला चार वाजले. जेवायचं तर इथंच, असं चंदनाच्या मनात आलं. पण संघर्षनं तासाभराचा वायदा केला, आणि दोघींनी तिच्यासाठी आपलेही डबे बांधून ठेवले होते. तिनं डबा पिशवीतच ठेवला. पुढं पालीला सहा माणसं भेटली आणि संघर्षला ती सोडवेनात. मग एकाची पेटी टपावरून सरकली. पेटी पुन्हा बांधण्यात वीस मिनिटं गेली. चंदना घड्याळ बघत राहिली. पाच पंचवीस, पाच चाळीस. संघप्रिया भावाला शिव्या घालायला लागली तेव्हा चंदनानंच तिचा हात दाबला.

रत्नागिरीच्या किनाऱ्यावर जीप थांबली तशा सुरूच्या झाडांतून धावत त्या वाळूवर आल्या. चंदनानं घड्याळ पाहिलं. पाच अठ्ठावन्न.

"गेली वेळ," ती धापा टाकत म्हणाली. "तुम्ही बसा जेवायला. मला आता सकाळीच."

"चंदे," संघप्रिया म्हणाली. "वर बघ की."

चंदनानं मान वर केली. सूर्य पाण्याच्या वर होता. पुरा गोल, तांबूस, आणि त्याच्या खालच्या कडेपासून पाण्यापर्यंत आणखी एक सूर्य मावेल एवढी जागा.

तिनं पुन्हा घड्याळ पाहिलं. ते बरोबर होतं. मग तिला हसू आलं. तिघींत फिजिक्सवाली ती एकटी, आणि सकाळपासून ती जयसिंगपूरचा सूर्य बरोबर घेऊन फिरत होती. एका रेखांशाला चार मिनिटं. आपण सव्वा रेखांश पश्चिमेला आलोय, म्हणजे पाच मिनिटं. त्या पाच मिनिटांना कार्डात जागाच नव्हती, कारण ते कार्ड दुसऱ्या गावासाठी छापलं होतं.

"मग बस लवकर, दोन घास होत्यात," म्हणत संघप्रियानं डबाही उघडला. आदितीनं दशमीवर चटणी घालून पुढं केली.

चंदनानं दशमी हातात घेतली. एवढ्या वर्षांत या वेळी ती कधी रिकामी नव्हती. या वेळी पाट मांडलेले असत, आई घाई करत असे, आणि सूर्य म्हणजे दाराआडच्या कार्डावरचा आकडा असे. तिनं दशमी परत डब्यात ठेवली.

"उपाशी राहणार व्हय?"

"राहते. मला बघायचंय."

खालची कड पाण्याला टेकली तेव्हा तिनं सेकंदकाटा धरला. संघर्षही चपला हातात घेऊन मागं येऊन उभा राहिला होता. शेवटची तांबडी रेघ पुसली गेली.

"दोन मिनिटं अठरा सेकंद," चंदना म्हणाली. ओंजळभर पाण्यानं तोंड धुतल्यासारखा तिचा चेहरा दिसत होता. आत्याच्या घरी जायच्या आधी एक फोन करायचा आहे, असं तिनं सांगितलं.

रस्त्यावर एसटीडी बूथ होता. दुसऱ्या रिंगलाच अण्णांनी फोन उचलला. ते वाट बघत असणार.

"पोचलीस? जेवलीस का वेळेत?"

"नाही अण्णा. सकाळी जेवते आता."

"का गं? कार्ड दिलं होतं की आईनं."

"कार्ड आपल्या गावचं आहे. इथं सूर्य पाच मिनिटं उशिरा मावळतो."

"असं?" ते म्हणाले. त्यांना खरंच नवल वाटलेलं तिला ऐकू आलं. मग ते म्हणाले, "फॉर्मवर सही केलीस ना? सोमवार आहे लक्षात?"

काचेबाहेर संघप्रिया पाठ करून उभी होती, चंदनाची पिशवी दोन्ही हातांनी पोटाशी धरून. चंदनानं रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"अण्णा," ती म्हणाली, "तो गाळा भाड्यानं देऊन टाका. मी फिजिक्सच शिकणार आहे."