कानसेनचा कान

कारखान्यातली मोटर कुरकुरायला लागली की कानसेनला बोलवायचे. तो यायचा, लांब दांड्याच्या स्क्रूड्रायव्हरचं टोक चालत्या मोटरीच्या बेअरिंगवर टेकवायचा, मूठ कानाशी लावायचा आणि डोळे मिटायचा. भोवतीची माणसं श्वास रोखायची. मग निकाल लागायचा, "बेअरिंग गेलंय."

गेली काही वर्षं त्याला त्यातलं काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं. जन्म मोटरींच्या पायाशी गेला, त्यात कान गेले. माणसांचे ओठ दिसले की तो निभावून न्यायचा. मोटरींना ओठ नसतात. म्हणून दर वेळी "बेअरिंग गेलंय." हे निदान फार सोयीचं. खराब बेअरिंग बदललं तर उस्ताद, चांगलं बदललं तरी मोटरीचं काही बिघडत नाही, म्हणजे तेव्हाही उस्तादच. घरी हाच प्रयोग तो बायकोवर करायचा. ती पाठमोरी असताना तिची मान हलली की "बरोबर आहे तुझं." शेजारणी तिचा हेवा करत.

भीती एकच होती. कळलं, तर नोकरी गेली. बहिरा कानसेन कोण पोसणार?

ते कळलं मेव्हण्याला. बायकोचा हा धाकटा भाऊ तिथेच इलेक्ट्रिशियन होता आणि कानसेनच्या खुर्चीवर त्याचा फार दिवसांचा डोळा होता. एका दुपारी तो एकटाच त्याला पंपघरात घेऊन गेला.

"दाजी, ही बघा ना जरा. विव्हळतेय बिचारी."

शेजारच्या पंपाने जमीन थरथरत होती. कानसेनने स्क्रूड्रायव्हर लावला, डोळे मिटले, उघडले.

"बेअरिंग गेलंय."

"किती गेलंय, दाजी?"

"पार. शेवटच्या घटका मोजतंय."

मेव्हण्याने खिशातून फ्यूज काढून त्याच्या नाकासमोर धरले. "हिचेच आहेत. सकाळपासून बंद आहे ती."

आणि तो हसला. किती मोठ्याने, ते कानसेनला कळलं नाही. फक्त दात दिसले.

तासाभरात साहेबांचं बोलावणं आलं. कानसेन पाया पडायच्या तयारीनेच केबिनमध्ये शिरला.

"कधीपासून ऐकू येत नाही?"

"बरीच वर्षं झाली, साहेब."

"छान."

ओठ वाचताना आपलीच चूक झाली असं त्याला वाटलं. "काय म्हणालात?"

"छान म्हणालो. तुमच्या मेव्हण्याला तोंड बंद ठेवायला सांगितलंय. ऐकू येणारे इथे पुष्कळ आहेत हो, त्यांचाच ताप आहे. चला, भट्टीच्या ब्लोअरकडे."

भट्टीवरची पोरं आठवडाभर ओरडत होती की भट्टीत हवा फुंकणाऱ्या त्या मोठ्या पंख्याची, ब्लोअरची, मोटर किंचाळते, बंद करा. ती बंद केली तर माल अडकणार होता. पण कानसेनने ऐकून ठीक म्हटलं, तर पोरं गप्प बसणार होती. त्याच्या कानावर त्यांचा देवासारखा विश्वास.

सगळे जमले, मेव्हणाही. साहेब समोर उभे राहिले आणि ओठ सावकाश हलवून म्हणाले, "ठीक आहे ना?"

कानसेनने स्क्रूड्रायव्हर लावला. नेहमीसारखी शांतता. वाकताना तोल गेला म्हणून त्याने दुसरा तळहात मोटरीवर टेकवला.

आत काहीतरी खरडत होतं. दणके कोपरापर्यंत येत होते आणि पत्रा तव्यासारखा तापला होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्याला खात्रीने माहीत होतं. बेअरिंग गेलं होतं. ते जाम झालं की पंख्याची पाती कवच फोडून बाहेर येतात, हे या पोरांना शिकवणाराही तोच.

"काय, उस्ताद?" मोटरीच्या अगदी पुढ्यात काम करणाऱ्या पोराने विचारलं. "चालू ठेवू?"

कानसेनने साहेबांकडे पाहिलं. साहेबांचे ओठ मिटलेले होते. बोलायचं ते बोलून झालं होतं.

"ठेव," कानसेन म्हणाला. "सुरात आहे."

पोराच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. "तुम्ही म्हणताय म्हणजे झालं," असं काहीसं म्हणून तो मोटरीकडे पाठ करून कामाला लागला. मागून मेव्हणाही काही बोलला असावा. कानसेनने न वळताच उत्तर दिलं, "बरोबर आहे तुझं," आणि पोळलेला हात खिशात घालून तो जेवायच्या खोलीकडे निघाला.